शर्यतीच्या मोटारींचे इंधन

मोटारींच्या शर्यती हा काही आपल्या मातीतला खेळ नव्हे. आपल्याला बैलगाडीची शर्यत ठाऊक. तिच्यात जिंकणाऱ्या बैलाला मालक काय खाऊ घालतो याची चौकशी गावोगाव होते, आणि मालक ते सहसा सांगत नाही. तोच प्रश्न आज आपल्याला मोटारीच्या बाबतीत विचारावयाचा आहे. ताशी तीनशे किलोमीटरने धावणारी ही जनावरे पितात तरी काय?

सर्वसाधारण समजूत अशी की, शर्यतीच्या गाडीत काहीतरी जहाल आणि आपल्या पंपावरच्या पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक ताकदीचे द्रव्य घालीत असले पाहिजेत. ही समजूत बव्हंशी चुकीची आहे. अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९६५ पासून सुमारे चाळीस वर्षे ज्या इंधनावर धावली, त्या मिथेनॉलमध्ये वजनास वजन घेतले तर पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी उष्णता असते. पेट्रोलची शंभर धरली तर मिथेनॉलची पंचेचाळीस-शेहेचाळीस. मग असल्या दुबळ्या इंधनावर गाड्या अधिक जोराने कशा पळत? हे कोडे उलगडले की बाकीचा विषय आपोआप उलगडत जातो.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण ते पेट्रोलइतकेच हवेवरही चालते. दट्ट्या खाली जाताना नळकांड्यात हवा ओढली जाते, त्या हवेतल्या प्राणवायूत इंधन जळते, आणि तापून फुगलेला वायू दट्ट्याला रेटतो. पेट्रोल वाटेल तितके ओतता येते. हवा मात्र नळकांड्यात मावेल तेवढीच मावते. चुलीत लाकडे कोंबली म्हणून जाळ वाढत नाही, फुंकणी लागते, हे आपल्या आयाबहिणींना कुणी शिकवावे लागले नाही. एक किलो पेट्रोल पुरते जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो मिथेनॉलला साडेसहा किलोही पुरे होत नाही असे नाही. म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या दुपटीहून अधिक मिथेनॉल जाळता येते. हिशेब इंधनाच्या किलोने न करता हवेच्या किलोने केला, तर पेट्रोलच्या शंभराला मिथेनॉलचे एकशे तीन-चार पडतात. दुबळे इंधन एकाएकी बरोबरीला आले, किंबहुना किंचित पुढेच गेले.

पण मिथेनॉलचा खरा गुण याच्याही पुढे आहे. सुई टोचण्यापूर्वी डॉक्टर दंडावर स्पिरिट लावतात तेव्हा ती जागा गार पडते. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो म्हणून हे घडते. मिथेनॉल या बाबतीत पेट्रोलच्या तिप्पट उष्णता शोषते, आणि ते घालावयाचे असते दुपटीहून अधिक. दोन्ही मिळून हवेच्या प्रत्येक किलोमागे सुमारे सातपट गारवा मिळतो. गार हवा आकसते, आणि आकसल्यामुळे नळकांड्यात अधिक मावते. शिवाय पेटण्यापूर्वी मिश्रण जितके गार, तितके ते दाबणे निर्धोक असते.

दाबण्याचा संबंध काय, ते सांगितले पाहिजे. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड हाताला चटका देते, कारण दाबलेली हवा तापते. इंजिनात मिश्रण जितके अधिक दाबावे तितकी त्यातून ताकद अधिक निघते. मात्र फार दाबले तर ठिणगीची ज्वाळा पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपणहून भडकते आणि दट्ट्यावर घणासारखा आघात होतो. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलवर घाट चढणाऱ्या स्कूटरची खडखड ज्यांनी ऐकली असेल, त्यांना हे 'नॉकिंग' वेगळे समजावून सांगावयास नको. शर्यतीच्या इंजिनात ही खडखड काही क्षण टिकली तरी दट्ट्याला भोक पडते. इंधन हा आघात किती टाळते, याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला शंभर गुण आणि हेप्टेनला शून्य, अशी ही परीक्षा आहे. पंपावर ऑक्टेनचा आकडा मोठा दिसला की पेट्रोल अधिक ताकदवान, असे लोक समजतात. वस्तुतः तो आकडा ताकदीचा नव्हे, सोशिकपणाचा आहे. सोसणारे इंधन मिळाले म्हणजे अधिक दाबणारे इंजिन बांधता येते, आणि ताकद त्या इंजिनातून येते.

इंग्लंडात हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या आघाताचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे शर्यतीच्या इंधनाच्या दृष्टीने वैद्यांच्या काढ्यांची वर्षे होती. १९३७ साली मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू १२५ या गाडीने युरोप गाजविला. तिच्या काढ्याची कृती आज उपलब्ध आहे. ४० टक्के मिथेनॉल, ३२ टक्के बेंझॉल, २४ टक्के इथेनॉल, आणि हलके पेट्रोल अवघे चार टक्के! पेट्रोल त्यात जिरेमोहरीपुरतेच. एक गमतीची गोष्ट अशी की, मद्यार्कावर चालणाऱ्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल उत्तम चाले. त्या काळच्या शर्यतीच्या मैदानावर जळक्या एरंडेलाचा वास दरवळत असे, आणि जुन्या शौकिनांना त्या वासाची चटक होती. कॅस्ट्रॉल या तेलाच्या नावात एरंडेलाचेच इंग्रजी नाव दडले आहे.

या काढ्यांना एकच मोठा दोष होता, तो म्हणजे तहान. १९५१ सालची अल्फा रोमिओ १५९ ही गाडी घ्या. अवघ्या दीड लिटरचे इंजिन; पण फुंकणीने, म्हणजे सुपरचार्जरने, हवा कोंबून त्यातून चारशेहून अधिक अश्वशक्ती काढलेली. ही गाडी एका लिटरमध्ये जेमतेम अर्धा किलोमीटर जाई. म्हणजे पुण्याहून खंडाळ्यापर्यंत जावयाचे तर शंभर-सव्वाशे लिटर! त्या वर्षी १४ जुलैला सिल्व्हरस्टोन येथे फेरारीने साडेचार लिटरचे, सुपरचार्जर नसलेले इंजिन आणले. त्याची तहान पुष्कळच कमी. गोन्झालेझने त्या गाडीवर फान्जिओच्या अल्फाला हरविले. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीतला फेरारीचा हा पहिला विजय. इंधनाचा विचार करताना टाकीचा विचार सोडून चालत नाही, हा धडा त्या दिवशी सर्वांना मिळाला.

पुढे १९५८ साली ग्रां प्री शर्यतींतून हे काढे हद्दपार झाले आणि विमानाचे पेट्रोल सक्तीचे ठरले. तेल कंपन्यांचा आग्रह त्यामागे होता, आणि तो व्यापाराच्या दृष्टीने रास्तच होता. जी वस्तू आपण विकीत नाही तिच्यावर मिळालेल्या विजयाची जाहिरात कशी करावयाची? इंग्लंडच्या व्हॅनवॉल कंपनीची मात्र यात धांदल उडाली. मद्यार्काचा गारवा गृहीत धरून बांधलेले इंजिन पेट्रोलवर तापू लागले, आणि अर्जेंटिनातील हंगामाच्या पहिल्याच शर्यतीला त्या गाड्या पोचू शकल्या नाहीत. ती शर्यत स्टर्लिंग मॉस याने दोन लिटरहूनही लहान इंजिनाच्या कूपरवर जिंकली. व्हॅनवॉलने पुढे इंजिन सुधारून त्याच वर्षी उत्पादकांचे पहिले अजिंक्यपद मिळविले. पण कमी पिणारी, लहान टाकीची, मागे इंजिन असलेली हलकी गाडी हीच यापुढची गाडी, हे नव्या नियमाने जवळजवळ ठरवूनच टाकले होते. १९५९ चा अजिंक्यवीर जॅक ब्रॅबम कूपरवरच निवडून निघाला.

अमेरिकेत मात्र याच्या नेमके उलट घडले. तिकडे पेट्रोल गेले आणि मिथेनॉल आले. त्याचे कारण व्यापार नव्हते.

३० मे १९६४ रोजी इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनल्डची गाडी आतल्या भिंतीवर आदळली, पेटली आणि घसरत पुन्हा धावपट्टीवर आली. मागून येणारा एडी सॅक्स तिच्यावर आदळला. सुरुवातीच्याच फेऱ्या असल्याने टाक्या भरलेल्या होत्या, आणि त्या पेट्रोलने भरलेल्या होत्या. काळ्या धुराचा प्रचंड लोट उठला. शर्यत थांबवावी लागली. सॅक्स जागीच गेला, मॅकडोनल्ड त्याच दिवशी रुग्णालयात. पुढच्या वर्षापासून नियमांचा रोख असा ठेवला गेला की पेट्रोल वापरण्यात कुणालाच फायदा उरू नये, आणि गाड्या मिथेनॉलवर आल्या.

मिथेनॉल पेटावयास पेट्रोलइतके उतावळे नसते. पेटले तरी त्याची ज्वाळा भोवताली उष्णता कमी फेकते, आणि मुख्य म्हणजे ते पाण्यात विरघळते. पेट्रोलवर पाणी ओतले तर पेट्रोल त्या पाण्यावर तरंगत जळतच राहते. मिथेनॉलची आग साध्या पाण्याने विझते. काळा धूर तर नाहीच. पण या शेवटच्या गुणातच त्याचा अवगुण आहे. ज्वाळा दिसते ती तिच्यातल्या तापून लाल-पिवळ्या झालेल्या काजळीच्या कणांमुळे. मिथेनॉल जळताना काजळी होत नाही, म्हणून उन्हात त्याची ज्वाळा दिसतच नाही. स्टोव्ह पेटविताना स्पिरिटच्या काकड्याची निळसर ज्वाळा दिवसाउजेडी न दिसल्यामुळे ज्यांचा हात पोळला असेल, त्यांना याची कल्पना येईल.

१९८१ साली त्याच मैदानावर रिक मिअर्स इंधन भरून घेण्यासाठी थांबला असता नळी गाडीला नीट जोडली जाण्यापूर्वीच इंधन उसळले आणि पेटले. पाहणाऱ्यांना दिसले एवढेच की माणसे हातपाय झाडीत पळत आहेत. जाळ कुठेच नाही. मिअर्सचे तोंड शिरस्त्राणाच्या आत भाजत होते. शेवटी त्याच्या वडिलांनी अग्निशामक नळकांडे त्याच्यावर रोखले. मिअर्सच्या नाकावर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्याच्या पथकातल्या काही जणांनाही रुग्णालयात न्यावे लागले. पुढे तोच मिअर्स १९८४, १९८८ आणि १९९१ साली ही शर्यत जिंकला, ही त्याच्या जिद्दीची गोष्ट झाली. नियमात सुधारणा झाली ती अशी की, नळी गाडीला पक्की जोडल्यावाचून तिचे तोंड उघडूच नये अशी झडप बसली. दिसणारी पण न विझणारी आग, की विझणारी पण न दिसणारी आग, अशी ही निवड होती. आमच्या मते इंडियानापोलिसच्या मंडळींनी केलेली निवड योग्य होती. झडप बसवून दुसरीवर उपाय करता आला, पहिलीवर तसा नव्हता.

मिथेनॉलचा आणखी एक अवगुण आपल्याकडे दुर्दैवाने फार परिचयाचा आहे. ते पोटात गेले तर शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, दृष्टी जाते आणि पुष्कळदा प्राणही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे गावठी दारूत मिसळलेल्या मिथेनॉलने शंभराहून अधिक माणसे मेली. इथेनॉल हे त्याचे सख्खे भावंड, आणि तेच आपल्या साखर कारखान्यांत मळीपासून निघते. इंडियानापोलिसच्या गाड्या २००७ साली मिथेनॉल सोडून इथेनॉलवर आल्या, २०१२ मध्ये त्यात पंधरा टक्के पेट्रोलही आले, आणि २०२३ पासून त्यांचे इंधन संपूर्णपणे वनस्पतिजन्य व तत्सम कच्च्या मालापासूनचे झाले. त्यात उसाच्या चोथ्यापासून काढलेल्या इथेनॉलचा मोठा वाटा आहे. तो ऊस ब्राझीलचा, आपल्या प्रवरेकाठचा नव्हे.

इथे एक शंका श्रोत्यांच्या मनात निश्चित येईल. आपल्या सरकारने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले, आणि तेव्हापासून गाडी लिटरमागे कमी पळते अशी तक्रार घरोघर ऐकू येते. शर्यतीत जे इंधन चालते ते आमच्याच गाडीला का पचत नाही? इथेनॉलमध्ये वजनास वजन पेट्रोलच्या सुमारे साठ-बासष्ट टक्के उष्णता असते, तेव्हा लिटरमागे थोडी घट येणार हे ओघानेच आले. ती भरून निघते केव्हा? इथेनॉलच्या सोशिकपणाचा लाभ घेणारे, अधिक दाबाचे इंजिन असेल तेव्हा. शर्यतीचे इंजिन त्यासाठीच बांधलेले असते. दहा वर्षांपूर्वी घेतलेली आपली दुचाकी तशी बांधलेली नाही. तिच्या वाट्याला इथेनॉलचा तोटा तेवढा येतो आणि गुण बिनवापर राहतो. तक्रार करणारा गृहस्थ अडाणी नाही, आणि इथेनॉलही वाईट नाही.

आता ज्याला खरोखरच जहाल म्हणता येईल असे एक इंधन सांगून टाकतो. अमेरिकेत सरळ रेषेत धावण्याच्या ड्रॅग शर्यती असतात. त्यांतील सर्वांत वरच्या वर्गाच्या गाड्या ९० टक्के नायट्रोमिथेन आणि उरलेले मिथेनॉल यांवर चालतात. नायट्रोमिथेनची उष्णता मिथेनॉलहूनही कमी, पेट्रोलच्या चौथा हिस्सा. पण ते आपला प्राणवायू रेणूतच घेऊन येते. एका किलोला पावणेदोन किलो हवा पुरते. हवेच्या मापाने हिशेब केला की पेट्रोलच्या शंभराला याचे दोनशेवर पडतात. या गाड्यांची शक्ती अकरा हजार अश्वशक्तीच्या घरात सांगतात. हजार फुटांचे अंतर त्या चार सेकंदांच्या आत कापतात आणि तेवढ्यात चाळीसएक लिटर इंधन पितात. निम्म्या वाटेतच ठिणगीचे प्लग जळून जातात, पुढे इंजिन आपल्याच धगीने पेटत राहते, आणि प्रत्येक धावेनंतर ते सोडवून पुन्हा जुळवावे लागते. यात शास्त्र आहे, पण पाहणाराच्या कानठळ्या बसल्यावर ते त्याला दिसत असेल का, याची आम्हाला शंका आहे.

येथवर हवा ही दुर्मीळ वस्तू होती. नियमाने टाकीच दुर्मीळ केली तर? १९८४ साली ग्रां प्रीमध्ये टर्बो गाड्यांना एका शर्यतीसाठी २२० लिटर इंधन ठरवून दिले. १९८६ मध्ये ते १९५ वर आले आणि १९८८ मध्ये १५० वर. मापाचे एकक लिटर, हे ध्यानात ठेवा. रेशनवर साखर वजनाने न देता वाटीने दिली तर शहाणी गृहिणी वाटी ठोकून ठोकून भरील, तेच येथे घडले. प्रथम इंधन बर्फासारखे गार करून आकसविण्यात आले, आणि त्यावर बंदी घालावी लागली. मग रसायनज्ञांनी मुळातच जड द्रव्य शोधले. ते म्हणजे टोल्युईन, रंगाच्या थिनरमधले. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा आठ-दहा टक्के उष्णता अधिक, आणि सोशिकपणाही मोठा. इतका मोठा की तो १०२ ऑक्टेनच्या मर्यादेत बसेना. तेव्हा होंडाच्या रसायनज्ञांनी ८४ टक्के टोल्युईनमध्ये १६ टक्के हेप्टेन मिसळले. ज्याला परीक्षेत शून्य गुण, तेच द्रव्य मुद्दाम गुण उतरविण्यासाठी! टोल्युईनची वाफ लवकर होत नाही म्हणून ते इंजिनाकडे जाताना तापवीत. त्या वर्षी मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. नियमाचे शब्द आणि नियमाचा हेतू यांत अंतर राहिले की ते अंतर कोण भरून काढतो, हे आपल्याकडे करसल्लागार जाणतात, तिकडे रसायनज्ञ.

शिशाची हकीगत मात्र इतक्या हलक्या मनाने सांगता येत नाही. पेट्रोलला सोशिक करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्यात टेट्राइथिल लेड हे शिशाचे संयुग चिमूटभर घालणे. तो १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टॉमस मिडग्ले यांनी शोधला. ते विष आहे हे तेव्हाही ठाऊक होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका कारखान्यात ते बनविताना पाच कामगार दगावले. तरी पाऊण शतक ते जगभर जळत राहिले आणि धुरावाटे लहान मुलांच्या रक्तात उतरत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. अमेरिकेच्या नॅसकार शर्यतींत मात्र ते पुढेही चालू होते. रस्त्यावरच्या गाडीला बंदी आणि शर्यतीच्या गाडीला मुभा, अशी ही सवलत. त्या गाड्या २००८ च्या हंगामापासून शिशाविना धावू लागल्या, आणि इंजिने काही कोसळली नाहीत. रस्त्यावरच्या मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ साली थांबले.

ग्रां प्रीमध्ये २०१४ पासून नियमांनी आणखी वेगळी वाट धरली. ताशी शंभर किलोहून अधिक इंधन इंजिनात जाऊच द्यावयाचे नाही, आणि ते मोजणारे यंत्र गाडीतच बसवावयाचे. माप वजनाचे, म्हणून टोल्युईनची युक्ती बाद. हवा वाटेल तितकी घ्या, म्हणून मिथेनॉलचीही बाद. उरले एकच, मिळालेल्या इंधनातून अधिक काम काढणे. साध्या मोटारीचे इंजिन इंधनातल्या उष्णतेचा तिसरा हिस्सा कामी लावते आणि बाकी धुराड्यातून व पाण्यातून वाया घालविते. मर्सिडीजने २०१७ मध्ये आपले शर्यतीचे इंजिन प्रयोगशाळेत निम्म्याहून अधिक उष्णता कामी लावते, असे जाहीर केले. आम्हाला अकरा हजार अश्वशक्तीपेक्षा या आकड्याचे अप्रूप अधिक वाटते. २०२२ पासून त्या इंधनात दहा टक्के इथेनॉल आले. २०२६ च्या हंगामापासूनचा नियम असा की, इंधनातला कार्बन जमिनीखालच्या तेलातून आलेला नसावा. तो अन्नासाठी न वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींतून, कचऱ्यातून किंवा हवेतून मिळविलेला असावा. मापही किलोचे राहिले नाही. ते उष्णतेचेच आहे, ताशी तीन हजार मेगाज्यूल. वाटी गेली, तराजू गेला. आता साखरेची गोडीच मोजतात.

मापे इतकी काटेकोर झाल्यावर तपासणीही तशीच असावयाची. हंगामापूर्वी प्रत्येक पथकाने आपल्या इंधनाचा नमुना मान्य करून घ्यावयाचा. शर्यतीनंतर गाडीतून नमुना काढून तो त्याच्याशी ताडून पाहतात, बोटाच्या ठशाप्रमाणे. त्यासाठी टाकीतून एक लिटर इंधन निघालेच पाहिजे. २०२१ साली हंगेरीत सेबास्टियन फेटेल दुसरा आला. त्याच्या पथकाचा हिशेब असा की टाकीत दीड लिटरहून अधिक शिल्लक आहे. पण उपसावयास गेले तेव्हा निघाले अवघे तीनशे मिलिलिटर. इंधनात भेसळ असल्याचा आरोप कुणीही केला नाही. नमुना पुरेसा नाही एवढ्यावरच त्याचे दुसरे स्थान काढून घेण्यात आले.